नट की नाटक? ब्रॉडवेचं तिकीट काढण्याची रीत

मे महिना लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांमध्ये भारतातून पाहुणे उतरायला लागतात. नायगारा, वॉशिंग्टन, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ही यादी ठरलेली. त्यात हल्ली एक भर पडली आहे: "एकदा ब्रॉडवे बघायचंय." जणू ब्रॉडवे म्हणजे धबधब्यासारखं एकच काहीतरी, गेलं की दिसणारं. मग माझा फोन वाजतो, कारण आमच्या गोतावळ्यात नाटकाचं वेड लागलेला मीच. कुठलं बघू, तिकीट कुठून काढू, स्वस्तात कसं मिळेल, हे प्रश्न याच क्रमाने येतात. मी आधी उलट विचारतो: नट बघायचाय की नाटक?

समोरच्याला वाटतं, याने फाटे फोडायला सुरुवात केली. पण तिकीट किती आधी काढायचं, खिसा किती हलका करायचा, कुठल्या वारी जायचं आणि आयत्या वेळी बदली नट उभा राहिला तर हळहळायचं की नाही, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

## आधी जागा समजून घ्या

ब्रॉडवे हे न्यू यॉर्कमधल्या एका रस्त्याचं नाव खरं, पण त्या रस्त्याला लागून असलेली नाट्यगृहं मोजकीच. बहुतेक सगळी टाइम्स स्क्वेअरच्या आजूबाजूला, ४१व्या ते ५४व्या रस्त्यांच्या पट्ट्यात, आडव्या रस्त्यांवर दाटीवाटीने उभी आहेत. व्हिव्हियन बोमाँट तेवढं वर, ६५व्या रस्त्यावर, लिंकन सेंटरमध्ये. एकूण ४१ नाट्यगृहं. ब्रॉडवे आणि ऑफ-ब्रॉडवे हा फरक दर्जाचा नसून खुर्च्यांचा आहे. ५०० किंवा त्याहून जास्त खुर्च्या असतील तर ब्रॉडवे, १०० ते ४९९ असतील तर ऑफ-ब्रॉडवे, त्याहून कमी असतील तर ऑफ-ऑफ-ब्रॉडवे. 'हॅमिल्टन' २०१५ च्या सुरुवातीला पब्लिक थिएटरमध्ये ऑफ-ब्रॉडवेच होतं आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात रिचर्ड रॉजर्स नाट्यगृहात ब्रॉडवेवर आलं. तेव्हा 'ऑफ' शब्दाला नाक मुरडू नका.

आपल्याकडे नाटक फिरतं. आज शिवाजी मंदिर, उद्या गडकरी रंगायतन, परवा नाशिक. इथे नाटक एका नाट्यगृहात ठाण मांडून बसतं. आठवड्याला आठ प्रयोग, बहुधा सोमवारी सुट्टी, बुधवारी आणि शनिवारी दोन-दोन. चालतंय तोवर हलायचं नाही. 'शिकागो'चा पुनरुज्जीवित प्रयोग १९९६ पासून सुरू आहे, 'लायन किंग' १९९७ पासून, 'विकेड' २००३ पासून. 'फँटम ऑफ द ऑपेरा' जानेवारी १९८८ मध्ये सुरू झालं, एप्रिल २०२३ मध्ये उतरलं, तोवर १३,९८१ प्रयोग झाले होते.

हा आकडा ऐकला की मला प्रशांत दामले आठवतात. २०२२ मध्ये त्यांनी १२,५००वा प्रयोग केला. म्हणजे एक नट, अनेक नाटकं. 'फँटम'चं उलट: नाटक एक, त्यात मुखवटा घालून गेलेले नट अनेक. आपण प्रयोग नटाच्या नावावर मोजतो, ब्रॉडवे नाटकाच्या नावावर मोजतं. जाहिरातीत 'मूळ संचात' हे शब्द वाचून तिकीट काढणाऱ्या आपल्या माणसाची इथे गल्लत होते ती यामुळेच. वीस वर्षं चाललेल्या नाटकात मूळ संच शोधायला जाल तर तो कधीचाच पांगलेला असतो.

## नट बघायचा असेल तर

हा महागडा मार्ग. सिनेमातला मोठा नट ब्रॉडवेवर येतो तो बहुधा तीन-चार महिन्यांपुरता. तारखा आधीच ठरलेल्या, शेवटचा प्रयोगही ठरलेला. २०२५ मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन आणि जेक जिलेनहाल 'ऑथेल्लो' करत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या चांगल्या खुर्चीचे ९२१ डॉलरपर्यंत मोजावे लागत. त्या हंगामात ब्रॉडवेवरच्या तिकिटाची सरासरी किंमत सुमारे १२९ डॉलर होती. नटाच्या नावाचा भाव तो एवढा.

असं तिकीट काढायचं असेल तर विक्री सुरू होईल त्या दिवशीच काढा. 'नंतर स्वस्त होईल' ही आशा इथे बाळगू नका, भाव मागणीप्रमाणे वर चढतो. मागच्या रांगेतली किंवा बाल्कनीतली खुर्ची चालत असेल तर पहिल्याच दिवशी तीच आधी बघा, कारण सगळ्यात आधी स्वस्त खुर्च्या संपतात.

पैसे भरण्याआधी एक काम मात्र चुकवू नका. नाटकाच्या अधिकृत संकेतस्थळावर, प्रयोगांच्या वेळापत्रकाच्या खाली, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक कलाकार अमुक तारखांना काम करणार नाही. आठ प्रयोग गाऊन-नाचून करणं घशाला झेपत नाही, म्हणून मोठ्या भूमिकेला कधी कधी ठरलेली सुट्टी असते. २०१७ मध्ये 'हॅलो, डॉली!'त बेट मिडलरच्या जागी मंगळवारी डॉना मर्फी उभी राहायची. 'फनी गर्ल'मध्ये लिया मिशेल आल्यावर गुरुवार ज्यूली बेंकोचे होते. मंगळवारचं किंवा गुरुवारचं तिकीट स्वस्त दिसतंय म्हणून हुरळून काढलं आणि मग कळलं, असं होऊ नये. स्वस्त का आहे, हे त्याच पानावर लिहिलेलं असतं.

आता पैसे परत मिळण्याचं. सर्वसाधारण नियम असा की विकलेलं तिकीट विकलं, परत नाही, बदलून नाही. अपवाद एकच. जाहिरातीत ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्या वर छापलेलं आहे, असा कलाकार आयत्या वेळी आला नाही, तर प्रयोग सुरू होण्याआधी खिडकीवर जाऊन पैसे परत किंवा दुसऱ्या तारखेचं तिकीट मागता येतं. नाव खाली छापलेलं असेल तर तो नट तुमच्या कितीही आवडीचा असो, काही उपयोग नाही. म्हणून तिकीट काढताना जाहिरातीचं चित्र नीट बघा: नाव वर आहे की खाली. आणि एकदा पडदा उघडून पहिला प्रवेश बघितलात की हक्क संपला, मध्यंतरात जाऊन भांडण्यात अर्थ नाही. तिकीट दुसऱ्या कुणा विक्रेत्याकडून घेतलं असेल तर खिडकीवाला तुम्हाला त्या विक्रेत्याकडेच पाठवेल, हेही ध्यानात ठेवा.

## चिठ्ठी निघाली तर

आत शिरताना हातात एक फुकट पुस्तिका मिळते, तिचं नाव प्लेबिल. त्यातून कधी कधी एक पांढरी चिठ्ठी खाली पडते: आजच्या प्रयोगात अमुक भूमिका तमुक करतील. हीच सूचना दर्शनी भागातल्या फलकावर असते, कधी ध्वनिक्षेपकावरूनही देतात. चिठ्ठी पडली की आसपासच्या रांगांत एक सुस्कारा ऐकू येतो. मी तो सुस्कारा टाकायचं केव्हाच सोडलं.

आपल्याकडे मुख्य नट आजारी पडला की 'अपरिहार्य कारणामुळे प्रयोग रद्द' अशी पाटी लागते. इथे प्रयोग रद्द होऊ नये म्हणून अख्खी फौज पाळलेली असते आणि तिच्यात चांगलाच क्रम असतो. अंडरस्टडी म्हणजे नाटकात स्वतःची छोटी भूमिका रोज करणारा, पण मोठी भूमिकाही पाठ असलेला. स्टँडबाय रोज रंगमंचावर येत नाही, फक्त मोठ्या भूमिकेसाठी तयार राहतो. अल्टरनेट म्हणजे ठरलेल्या प्रयोगांना ती भूमिका करणारा, वर सांगितलेली गुरुवारची ज्यूली बेंको तशी. आणि सगळ्यात अवघड काम स्विंगचं. समूहातल्या पाच-सात, कधी दहा भूमिका, प्रत्येकीची गाणी, पावलं, रंगमंचावरची जागा, सगळं डोक्यात ठेवून नेपथ्यामागे थांबायचं.

२०२१ च्या डिसेंबरात करोनाची लाट आली तेव्हा ही फौज जगाला दिसली. 'म्युझिक मॅन'चे प्राथमिक, म्हणजे शुभारंभाआधीचे, प्रयोग चालू होते, नायिका सटन फॉस्टर आजारी पडली. कॅथी व्हॉयट्को ही स्विंग त्या दुपारी पहिल्यांदा त्या भूमिकेची तालीम करत होती आणि रात्री ह्यू जॅकमनसमोर नायिका म्हणून उभी राहिली. प्रयोग संपल्यावर जॅकमनने तिला पुढे आणून, अंडरस्टडी आणि स्विंग हेच ब्रॉडवेचा कणा आहेत असं प्रेक्षकांना सांगितलं. त्याआधीचं उदाहरण १९५४ चं. 'पजामा गेम'मध्ये कॅरल हेनीच्या पायाला इजा झाली, तिच्या जागी समूहातली एक मुलगी आली, प्रेक्षकांत हॉलिवूडचा निर्माता बसला होता आणि त्याने तिला उचललं. ती शर्ली मॅक्लेन.

ज्याने नाटकासाठी तिकीट काढलंय त्याला चिठ्ठीने काही फरक पडत नाही. ज्याने नटासाठी काढलंय त्याने मात्र निघण्याआधी नाटकाचं समाजमाध्यमांवरचं खातं बघावं. बदली कलाकार बऱ्याचदा स्वतःच 'आज मी करतोय' म्हणून आनंदाने जाहीर करतात. सणासुदीच्या आठवड्यात, विशेषतः नाताळाच्या सुमारास, चिठ्ठ्या जास्त निघतात. त्याच आठवड्यात भावही सगळ्यात चढे असतात, त्यामुळे तो आठवडा मी तरी कुणाला सुचवत नाही.

## भूमिका कुणाला मिळावी, याची भांडणं

तिकिटाच्या रांगेत उभे असताना अनोळखी माणसंही ज्यावर तावातावाने बोलतात असा विषय हाच. थोडी पार्श्वभूमी ठाऊक असली की नाटक निवडतानाही मदत होते.

'शिकागो' इतकी वर्षं चाललं त्याचं एक कारण म्हणजे त्यात सतत कुणीतरी नामांकित पाहुणा कलाकार येतो. मेलनी ग्रिफिथ, ब्रूक शील्ड्स, पामेला अँडरसन, यादी मोठी आहे. नाटकवेडे याला नाकं मुरडतात: गाणं येत नाही, नाच येत नाही, फक्त चेहरा. माझं मत विचाराल तर त्या चेहऱ्याच्या जिवावर मागच्या ओळीत नाचणाऱ्या पंधरा जणांचा पगार निघतो आणि त्यांचं नाचणं बघायला मी जातो. पण पाहुण्याचं नाव ऐकून तिकीट काढणार असाल तर आधी त्याचं गाणं ऐकून घ्या.

दुसरं भांडण वंशाचं आणि रंगाचं, आणि ते जुनं आहे. १९९० मध्ये 'मिस सायगॉन' लंडनहून न्यू यॉर्कला येणार होतं. त्यातली अर्धा आशियाई असलेल्या माणसाची भूमिका जोनाथन प्राइस हा गोरा नट करत होता. नटांच्या संघटनेने, इक्विटीने, परवानगी नाकारली. निर्माते कॅमेरॉन मॅकिन्टॉश यांनी नाटकच रद्द केलं. हजारो तिकिटं आधीच विकली गेली होती. संघटनेने माघार घेतली, एप्रिल १९९१ मध्ये नाटक उघडलं आणि प्राइसला टोनी हे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक मिळालं. वाद मात्र मिटला नाही, तो नव्या नाटकात नव्याने उगवतो. २०२५ चं सर्वोत्कृष्ट संगीतिकेचं टोनी मिळवणाऱ्या 'मेबी हॅपी एंडिंग'ची गोष्ट कोरियात घडते. त्यात डॅरन क्रिसच्या जागी अँड्र्यू बार्थ फेल्डमन या गोऱ्या नटाची निवड झाली तेव्हा त्या उन्हाळ्यात आशियाई अमेरिकन कलाकारांनी जाहीर नाराजी मांडली.

आपल्या अंगणातलंही सांगतो. २०२२ मध्ये सॅन डिएगोच्या ओल्ड ग्लोबमध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'वरून आदित्य चोप्रा यांनीच बसवलेलं 'कम फॉल इन लव्ह' आलं आणि त्यात राजचा रॉग झाला, म्हणजे गोरा अमेरिकन. आमच्याकडच्या भारतीय कट्ट्यांवर त्या महिन्यात दुसरा विषय नव्हता. याच्या आदल्याच वर्षी न्यू ॲमस्टरडॅम नाट्यगृहात 'अलादिन'मध्ये मायकेल मलियाकेल आणि शोबा नारायण, दोघंही भारतीय वंशाचे, नायक-नायिका होते. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी ते नाटक दाखवलं तेव्हा मध्यंतरात एका काकूंनी विचारलं, "हा आपला आहे ना रे?" त्यांचे ते तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले.

भूमिका एका चेहऱ्याला चिकटते, हे तर आपल्याला सांगायला नको. 'ती फुलराणी'तली मंजुळा म्हटलं की भक्ती बर्वेच डोळ्यांसमोर येतात, पुढे कुणी कितीही चांगली केली तरी. त्याच मूळ नाटकावरचं 'माय फेअर लेडी' १९५६ मध्ये ब्रॉडवेवर आलं तेव्हा ज्यूली अँड्र्यूज एलायझा होती आणि सिनेमात ऑड्री हेपबर्नला घेतलं, यावरची हळहळ इथले म्हातारे नाटकवेडे अजून करतात.

## नाटक बघायचं असेल तर

हा स्वस्तातला आणि मजेचा मार्ग, पण त्याला लवचीकपणा लागतो. 'शनिवारी संध्याकाळी, अमुकच नाटक, चौघं शेजारी शेजारी' अशी अट घातलीत की सगळ्या सवलती संपल्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार चांगले. महिन्यांत जानेवारी, फेब्रुवारी आणि सप्टेंबर. या दोन मंदीच्या मोसमांत ब्रॉडवे वीक नावाची योजना असते, एका तिकिटाच्या किमतीत दोन.

माझी पहिली पायरी मात्र वेगळी. ब्रॉडवेच्या निर्मात्यांची संघटना दर आठवड्याची कमाई जाहीर करते. सोमवार ते रविवारचा हिशेब मंगळवारी येतो. कुठल्या नाटकाला किती गल्ला जमला, तिकिटाची सरासरी काय आणि किती टक्के खुर्च्या भरल्या. आपल्याकडे निर्माता बुकिंगचा आकडा बायकोलाही सांगत नाही, इथे तो सगळ्यांसमोर टांगलेला. ज्या नाटकाच्या ७०-७५ टक्केच खुर्च्या भरल्या आहेत त्याला सवलत मिळणार हे नक्की. ९८-१०० टक्के भरलेल्यासाठी सवलतीच्या रांगेत उभं राहणं म्हणजे उन्हात वेळ घालवणं. नाटक पडेल आहे म्हणून खुर्च्या रिकाम्या असतात असंही नाही. गाणी नसलेली गंभीर नाटकं, नवी नाटकं, नाव न ऐकलेली नाटकं यांचं तसं होतंच.

मग टीकेटीएस. टाइम्स स्क्वेअरमध्ये, ४७व्या रस्त्यावर, लाल काचेच्या पायऱ्या आहेत, त्यांच्या पोटात ही खिडकी. १९७३ पासून आहे. त्या दिवशीच्या प्रयोगांची उरलेली तिकिटं वीस ते पन्नास टक्के कमी भावात मिळतात. रांग बघून घाबरू नका, ती झपाझप सरकते. आज काय मिळतंय ते फलकावर आणि त्यांच्या ॲपवरही दिसतं, तेव्हा घरून निघतानाच बघा आणि मनाशी तीन नाटकं क्रमाने ठरवा. खिडकीपाशी पोचल्यावर कुटुंबात चर्चा सुरू केलीत तर मागचे लोक शापतील. गाणी नसलेल्या नाटकांची रांग वेगळी आणि बहुतेकदा छोटी असते. काढलेलं तिकीट टाकून देऊ नका: सात दिवसांत पुन्हा आलात तर ते दाखवून थेट खिडकीशी जाता येतं. लिंकन सेंटरपाशी दुसरी खिडकी आहे, तिथे गर्दी कमी.

रश आणि लॉटरी हे तरुणांचे खेळ, पण कुणीही खेळू शकतं. १९९६ मध्ये 'रेंट' आलं तेव्हा पहिल्या दोन रांगा २० डॉलरला विकायचं ठरलं. पोरं रात्रभर फुटपाथवर झोपायला लागली, म्हणून मग चिठ्ठ्या टाकायला सुरुवात झाली. तिथून ही प्रथा पसरली. 'हॅमिल्टन'ने लॉटरीचं तिकीट १० डॉलरला ठेवलं, कारण त्यांच्या नायकाचं चित्र दहाच्या नोटेवर आहे. रश म्हणजे आधी येईल त्याला. काही नाटकांचा खिडकीवर असतो, खिडकी उघडते साधारण सकाळी दहाला, रविवारी बाराला. काहींचा टुडेटिक्ससारख्या ॲपवर सकाळी मिळतो, तिथे मिनिटाभरात संपतो. लॉटरीसाठी आदल्या दिवशी नाव घालायचं. कुठलं नाटक कुठल्या ठिकाणी, ब्रॉडवे डायरेक्टवर, लकी सीटवर की टेलिचार्जवर, हे त्या नाटकाच्या संकेतस्थळावर असतं. जिंकलात तर थोड्याच वेळात पैसे भरावे लागतात, म्हणून फोन हाताशी ठेवा. एका नावावर जास्तीत जास्त दोन तिकिटं, आणि आत जाताना तेच नाव असलेलं ओळखपत्र लागतं. सासऱ्यांच्या नावाने तुम्ही अर्ज भरलात तर सासऱ्यांना पासपोर्ट घेऊन यावं लागेल.

इथेच राहणाऱ्यांसाठी आणखी दोन दारं आहेत. ३५ पर्यंतच्यांना लिंकन सेंटर थिएटरचं लिंकटिक्स, ४० पर्यंतच्यांना राउंडअबाउट नाट्यसंस्थेचं हिपटिक्स, दोन्ही स्वस्त तिकिटांच्या योजना. आणि विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त मंडळी वगैरेंना टीडीएफचं सभासदत्व, म्हणजे टीकेटीएस चालवणारी तीच संस्था. वर्षात दोन-तीन नाटकं बघणार असाल तर वर्गणी केव्हाच वसूल होते.

## पैसे भरताना

माझ्या मावसभावाने ऐन जुलैत मला अभिमानाने सांगितलं की 'विकेड'ची चार तिकिटं मिळवली. किंमत ऐकून मी खिडकीवरचा भाव बघितला, जवळपास निम्मा होता. त्याने नाटकाचं नाव शोधयंत्रात टाकलं, सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवलं आणि एका फेरविक्रेत्याकडून घेतली. दिसायला ते पान अगदी अधिकृत. तक्रार केली, तर फेरविक्री आहे हे तळाशी लिहिलेलं होतं म्हणे.

म्हणून क्रम असा. आधी नाटकाचं स्वतःचं संकेतस्थळ उघडा. तिथून 'तिकिटं'वर गेलात की ते तुम्हाला खऱ्या विक्रेत्याकडे नेतं. शुबर्ट कंपनीच्या १७ नाट्यगृहांसाठी टेलिचार्ज, इतर काहींसाठी टिकेटमास्टर किंवा सीटगीक. यातल्या दोघांकडे फेरविक्रीची तिकिटंही त्याच नकाशावर दिसतात, तेव्हा खुर्चीवर टिचकी मारल्यावर ती मूळ आहे की फेरविक्रीची हे वाचा. २०२२ पासून न्यू यॉर्कच्या कायद्याने सगळे शुल्क धरून किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते, त्यामुळे शेवटच्या पानावरचा धक्का आता टळला आहे. पण शुल्क गेलेलं नाही. ते टाळायचं असेल तर नाट्यगृहाच्या खिडकीवर जा. दर तिकिटामागे दहा-पंधरा डॉलर सहज वाचतात आणि खिडकीतला माणूस 'ही घेऊ नका, खांब येतो' असं सांगतोही. मॅनहॅटनमध्ये नोकरीला असाल तर जेवणाच्या सुट्टीत होणारं काम आहे.

ऐनवेळी खूप महाग दिसणाऱ्या 'प्रीमियम' खुर्च्यांचा उगम गमतीचा आहे. २००१ मध्ये 'प्रोड्यूसर्स'ची १०० डॉलरची तिकिटं काळ्या बाजारात कितीतरी पटीने विकली जायची. निर्मात्यांनी ठरवलं की तो नफा आपणच का घेऊ नये, आणि ४८० डॉलरच्या खुर्च्या अधिकृतपणे विकायला काढल्या. तेव्हा बोंबाबोंब झाली, आता तीच रीत झाली आहे. प्रीमियम खुर्चीच्या शेजारची, दोन खुर्च्या पलीकडची साधी खुर्ची बघा. नाटक तेच दिसतं.

## खुर्ची निवडताना

क्रमांकांनी फसू नका. बहुतेक नाट्यगृहांत डाव्या भागात विषम आकडे, उजव्या भागात सम आकडे, आणि मधला भाग १०१ पासून ओळीने. म्हणजे २ आणि ४ शेजारी शेजारी, पण १ आणि २ यांच्यामध्ये अख्खा मधला भाग! लग्नाच्या वाढदिवसाला १ आणि २ काढणारं जोडपं मला ठाऊक आहे.

खालच्या मजल्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात, वरच्याला मेझनीन, असेल तर त्याच्यावर बाल्कनी. नाच भरपूर असलेलं नाटक मेझनीनच्या पहिल्या काही रांगांतून सगळ्यात छान दिसतं, आकृतिबंध वरून कळतात. ऑर्केस्ट्राच्या अगदी मागच्या रांगांवर वरचा मजला आलेला असतो, नेपथ्याचा वरचा भाग कापला जातो. 'लायन किंग'ला मात्र खाली, मधल्या वाटेच्या कडेची खुर्ची मिळाली तर घ्या, कारण प्राणी प्रेक्षकांतून चालत येतात.

ज्येष्ठांना नेत असाल तर जिने विचारा. यातली बरीच नाट्यगृहं शंभर वर्षांची आहेत, लायसियम आणि न्यू ॲमस्टरडॅम १९०३ ची. अनेक ठिकाणी मेझनीनला लिफ्ट नाही, पायऱ्या उंच, आणि खुर्च्यांमध्ये गुडघे अडकतात. गुडघेदुखी असलेल्यांना ऑर्केस्ट्राच घ्या, कडेची खुर्ची घ्या, पंचवीस डॉलर जास्त गेले तरी. वेगळी सोय हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगावं लागतं.

## आदल्या रात्री आणि त्या दिवशी

इंग्रजी येतं पण अमेरिकन उच्चार चटकन कळत नाहीत, ही तक्रार पाहुणे लाजून लपवतात. फोनवर गॅलाप्रो नावाचं ॲप टाकून ठेवा. बऱ्याच नाट्यगृहांत ते नाटकाबरोबर संवाद काळ्या पडद्यावर लिहून दाखवतं, शेजाऱ्याला उजेडाचा त्रास होत नाही. 'हॅमिल्टन'ला नेणार असाल तर आठवडाभर आधी गाडीत त्याची गाणी लावून ठेवा. तो रॅप पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जातो, मग भलं तिकीट कितीही महाग असो. लहान मुलं किंवा लवकर थकणारे आजोबा असतील तर लांबी बघा: 'सिक्स' ८० मिनिटांत संपतं, मध्यंतरही नाही.

प्राथमिक प्रयोगांची तिकिटं काढताय का, हेही पाहा. अधिकृत शुभारंभाआधी काही आठवडे नाटक रोज प्रेक्षकांसमोर होतं आणि रोज बदलतं. 'स्पायडर-मॅन'चे असे १८२ प्रयोग झाले होते. मला ते आवडतं, रंगीत तालमीची मजा येते. वर्षातून एकदाच नाटकाला येणाऱ्याने मात्र शुभारंभानंतरच यावं.

वेळेच्या बाबतीत आपली सवय सोडावी लागते. तिसरी घंटा इथे नाही. सातचा प्रयोग म्हणजे सात वाजून पाच-सात मिनिटांनी अंधार, आणि उशिरा येणाऱ्याला मोक्याच्या प्रवेशानंतरच आत सोडतात. न्यू जर्सीहून बसने येत असाल तर पोर्ट अथॉरिटी स्थानक ४२व्या रस्त्यावर, चालत दहा मिनिटांत बहुतेक नाट्यगृहं. पण लिंकन बोगद्यातल्या वाहतुकीचा भरवसा धरू नका, तासभर हाताशी ठेवा. ट्रेनने पेन स्टेशन गाठणं जास्त खात्रीचं. परतीची गाडी आधीच बघून ठेवा, बुधवारच्या रात्री गाड्यांमधलं अंतर वाढतं. मोठ्या बॅगा आणू नका, दारात तपासणी असते. स्वच्छतागृहासाठी मध्यंतर होताच पळा, बायकांची रांग दरवेळी जिन्यापर्यंत जाते. वडापाव पिशवीत घालून नेणाऱ्यांना सांगायला नको, पण प्लास्टिकच्या डब्याचा आवाज पुढच्या तीन रांगांना ऐकू जातो.

प्रयोग संपला की नाट्यगृहाच्या कडेला कलाकारांचं दार असतं, लोखंडी कठड्यामागे लोक उभे राहतात. कलाकार बाहेर येऊन प्लेबिलवर सही देतात, पण ते बंधनकारक नाही. दुपारच्या प्रयोगानंतर, रात्रीचा प्रयोग असल्यामुळे, कमीच येतात. मार्कर स्वतःचा न्या. मागच्या वर्षी सासऱ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा मुख्य नट आलाच नव्हता, चिठ्ठी निघाली होती. त्यांनी ती पांढरी चिठ्ठी खिशात जपून ठेवली. दाराशी गर्दी जवळजवळ पांगली होती. त्या रात्रीचा बदली नट बाहेर आला, खांद्यावर झोळी, डोळ्यांत अजून रंग. सासऱ्यांनी प्लेबिल बाजूला ठेवलं आणि चिठ्ठी पुढे केली. त्याने आधी स्वतःचं छापलेलं नाव वाचलं, मग सही केली, आणि विचारलं, "यावर सही मागणारे तुम्ही पहिलेच. कुठून आलात?"

"सांगली," सासरे म्हणाले. सांगली म्हणजे नाटकाचं गाव, हे त्याला समजावून सांगता सांगता आमची ९:४७ ची गाडी गेली.